पावसाळ्यात बाळाच्या खोलीची खिडकी

मावळात पावसानं एकदा जोर धरला की तान्हं बाळ असलेल्या घरांतल्या खिडक्या बंद होतात, त्या थेट गणपतीनंतर उघडतात. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्यात जेमतेम सातशे. कामशेत, वडगाव, तळेगाव असं पूर्वेकडे यावं तसा तो ओसरत जातो. पण ओल, गारवा आणि आठ-आठ दिवस न दिसणारं ऊन सगळ्या तालुक्याच्या वाट्याला येतं. अशा हवेत घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, ‘खिडकी लावून घे गं, बाळाला वारा लागेल.’ त्यामागची माया खरी आहे. पण दुसऱ्या किंवा पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाळाला खऱ्या अर्थानं बाधणाऱ्या गोष्टी त्या बंद खिडकीमुळेच खोलीत साचतात. धूर, गॅस, ओल आणि दुसऱ्याच्या श्वासातले विषाणू हे चारही त्यात आले.

बाळाला जपण्याच्या आपल्या रीती कुठल्या घरात घडल्या, हे आधी पाहायला हवं. मावळातलं जुनं घर कौलारू. मातीच्या भिंती, लाकडी दारं, आणि भिंत जिथे छपराला टेकते तिथे हातभर फट. बाळंतिणीची खोली अंधारी असे, दार लोटलेलं असे, बाजेखाली शेगडी असे. तरी त्या खोलीतली हवा सतत बदलत असे, कारण कौलं वारा अडवत नाहीत. धूर वर जाई आणि कौलांमधून निघून जाई. त्या घराला खिडकी मुद्दाम उघडावी लागत नव्हती. आजचा फ्लॅट सिमेंटच्या पेटीसारखा आहे. ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा, खाली रबराची पट्टी, वर सपाट स्लॅब. त्यात एकदा काचा सरकवल्या की आतली हवा आतच राहते. घर बदललं आणि रीत तीच राहिली. पुढचे बहुतेक गैरसमज यातूनच आलेले आहेत.

पहिला समज असा की गार वाऱ्यानं सर्दी होते. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि बाळापर्यंत ते माणसाकडून येतात. शाळेतून आलेली मोठी बहीण, लोकलनं पुण्याला जाऊन आलेले बाबा, बारशाला जमलेली पंचवीस माणसं, ही विषाणूंची खरी वाट. गार हवेत नाकाचं अस्तर थोडं कमजोर पडतं हे खरं, पण विषाणूच नसेल तर नुसता वारा बाळाला आजारी पाडत नाही. पावसाळ्यात सर्दी-खोकला वाढतो याचं मोठं कारण, आपण सगळे दारं-खिडक्या लावून एकाच हवेत बसतो. एकजण खोकला की ती हवा बाकीच्यांच्या छातीत जाते. नवजात बाळ मिनिटाला तीस ते साठ वेळा श्वास घेतं, मोठं माणूस बारा ते वीस वेळा. वजनाच्या मानानं बाळ आपल्याहून कितीतरी जास्त हवा आत ओढतं. म्हणून खोलीतल्या हवेचा भलाबुरा परिणाम आधी त्याच्यावर होतो.

यावर लोणावळेकर म्हणतील की इथे खिडकी उघडली तर ढगच घरात येतो, आणि ओल वाढते. हा आक्षेप रास्त आहे, म्हणून जरा हिशेब करून पाहू. हवा जितकी उबदार, तितकं जास्त बाष्प ती धरू शकते. बाहेर बावीस अंशांची, बाष्पानं पूर्ण भरलेली हवा आहे असं धरा. ती घरात येऊन सव्वीस अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता शंभरावरून सुमारे ऐंशी टक्क्यांवर येते. हेही दमटच, पण आता बंद खोलीकडे पाहा. बाळाच्या घरात दिवसाला दहा-पंधरा लंगोट, चार दुपटी, झबली धुतली जातात. बाहेर वाळत घालायची सोय नाही म्हणून दोऱ्या बेडरूममध्येच, पंख्याखाली. कपडे वाळतात याचा अर्थ त्यातलं पाणी खोलीच्या हवेत जातं. त्यात स्वयंपाकाची वाफ, बाळाच्या अंघोळीची वाफ आणि चार माणसांचे श्वास. बंद खोलीतली हवा मग बाहेरच्या ढगापेक्षा कोरडी राहत नाही. काचेवर आतून पाणी धरतं, कपाटामागच्या कोपऱ्यात काळे ठिपके उमटतात, गादीला कुबट वास येतो. ते काळे ठिपके म्हणजे बुरशी. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर आणि दम्याचा त्रास जास्त होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली घरातल्या ओलीविषयी काढलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत नोंदवलं आहे. त्या खोलीत कपडे वाळत नसते आणि दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या असत्या, तर ओल नक्कीच कमी राहिली असती. मुसळधार सर येत असेल तेव्हा लावा, सर ओसरली की उघडा. तळेगावसारख्या ठिकाणी तर जुलैतसुद्धा दिवसातला बराच वेळ खिडकी उघडी ठेवता येते.

धुरीचा प्रश्न जास्त नाजूक आहे, कारण तो श्रद्धेशी जोडलेला आहे. अंघोळ झाली की धुपाटण्यात निखारे घेतात, त्यावर ओवा, वेखंड, बाळंतशेपा, लसणाच्या साली, चिमूटभर ऊद टाकतात, आणि दुपट्यातल्या बाळाला त्या धुरावर आडवं-उभं धरतात. बाळाचं अंग कोरडं होतं, ऊब मिळते, दुपट्याला छान वास लागतो. कौलारू घरात तो धूर पाच मिनिटांत निघून जाई. फ्लॅटमध्ये तो स्लॅबला टेकतो, पसरतो आणि हळूहळू खाली उतरतो. निखारा विझला तरी खोलीत निळसर थर दिसत राहतो, आणि त्याच खोलीत बाळ दूध पिऊन झोपतं. घरातल्या धुरामुळे पाच वर्षांखालच्या मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा धोका चुलीच्या दिवसभराच्या धुराचा आहे आणि धुरी तर पाच मिनिटांची, असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. धुरीचा डोस चुलीपेक्षा लहान आहे. पण बंद खोलीत पाच मिनिटांचा धूर तासभर टिकतो, दिवसातून दोनदा होतो, आणि सव्वा महिना ते चार-सहा महिने चालतो, तोही फुप्फुसं अजून घडत असतानाच्या वयात. जंतू मरतात हा दुसरा मुद्दा. काही वनस्पतींच्या धुरानं प्रयोगशाळेतल्या हवेतले जिवाणू कमी होतात, पण बाळाच्या शेजारी बसून खोकणाऱ्या माणसाचा विषाणू त्यानं थांबत नाही. बाळाचं अंग कोरडं करायला मऊ पंचा पुरतो, ऊब द्यायला आईचं अंग पुरतं. आजीला वासाशिवाय बरं वाटत नसेल, तर ओव्याची पुरचुंडी तव्यावर कोमट करून खोलीत बाळापासून दूर ठेवली तरी वास दरवळतो, आणि धूर होत नाही.

डासांच्या कॉइलचंही तेच. ‘खिडकी उघडली तर डास येतील’ हा आक्षेप खरा आहे, विशेषतः डेंग्यूच्या दिवसांत, कारण तो डास दिवसा चावतो. पण त्यावर बंद खोलीत कॉइल लावणं हा उपाय आजारापेक्षा बरा नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल जळून संपेपर्यंत जितके सूक्ष्म कण सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरले होते. खिडकीला जाळी आणि बाळाला मच्छरदाणी, या दोन गोष्टींनी हवा आत येते आणि डास बाहेर राहतो. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि बाल्कनीतली बादली आठवड्यातून एकदा कोरडी केली तर डास घरात जन्मही घेत नाही. लोणावळा-खंडाळ्याकडे माकडांचा त्रास आहे, त्यासाठीही मजबूत ग्रिल आणि जाळी लागतेच. बाळ रांगायला लागल्यावर तेच ग्रिल त्यालाही सांभाळतं.

आता अशी गोष्ट, जिच्यात चुकीला जागा नाही. बऱ्याच फ्लॅटमध्ये बाथरूममध्येच गॅस गिझर बसवलेला असतो. पावसाळ्यात झडपांच्या खिडकीतून वारा येतो म्हणून तिथे पुठ्ठा किंवा थर्माकोल लावलेला असतो. न्हाऊ घालणाऱ्या मावशी बाळाला पायांवर घेऊन बसतात, वाफ टिकावी म्हणून दार लावून घेतात, आणि गिझर चालूच राहतो. लहान जागेत गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला वास असतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, म्हणून ‘गळती असती तर वास आला असता’ हा भरवसा इथे कामाचा नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग शुद्ध हरपते. मोठ्या माणसाला निदान सांगता येतं, बाळ फक्त मलूल पडतं, आणि ते ‘अंघोळीनं झोप आली’ असं वाटू शकतं. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्यावा. ते होईपर्यंत आधी बादल्या भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा, दार-खिडकी उघडून हवा जाऊ द्यावी, आणि मगच बाळाला आत न्यावं. मालिशीला यात काही आक्षेप नाही. हलक्या हातानं केलेली तेलाची मालिश बाळाला मानवते. नाका-कानांत तेल मात्र सोडू नये.

खिडकी उघडली तर बाळाला थंडी वाजेल, ही काळजी उरतेच. नवजात बाळ लवकर गार पडतं, विशेषतः कमी वजनाचं, हे निर्विवाद आहे. पण त्याला ऊब द्यायची ती कपड्यांनी आणि आईच्या अंगानं द्यावी, हवा कोंडून नव्हे. साधा अंदाज असा की मोठ्या माणसाला जितके कपडे पुरतात त्याहून एक थर जास्त. नुसते हातपाय गार लागले म्हणून थंडी वाजतेय असं नाही, बाळांचे हातपाय बऱ्याचदा गार लागतात. छातीवर किंवा मानेमागे हात लावून पाहावं. तिथे घाम असेल तर एक थर काढावा. टोपडं, कुंची, दोन झबली, दुपटं आणि वर रजई घालून बंद खोलीत निजवलेलं बाळ तापतं, आणि अति उष्णता हे झोपेतल्या आकस्मिक मृत्यूच्या जोखमींपैकी एक मानलं जातं. बाळाला पाठीवर, सपाट गादीवर, सैल पांघरूण आणि उशी न ठेवता निजवावं. अमेरिकेत १९९४ साली पाठीवर निजवण्याची मोहीम सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत तिथले असे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले.

काचेतून येणाऱ्या कोवळ्या उन्हाचाही एक गैरसमज आहे. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते, त्यामुळे बंद खिडकीतल्या उन्हात ठेवलेल्या बाळाला ऊब मिळते, जीवनसत्त्व मिळत नाही. म्हणून बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात, आणि मावळातल्या पावसाळ्यात ते चुकवू नयेत. काविळीचं थोडं वेगळं आहे. उन्हानं नवजात बाळाची कावीळ ओसरते हे इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड यांच्या लक्षात आलं, आणि त्यावरून डॉ. रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी १९५८ साली प्रकाशोपचार मांडला. म्हणजे समजाचा उगम खरा आहे. पण उन्हाचं माप ठरवता येत नाही, आणि जुलैत लोणावळ्यात ऊन कधी पडेल याची वाट पाहण्यात दोन दिवस गेले तर काविळीचं द्रव्य मेंदूपर्यंत पोचू शकतं. पहिल्या चोवीस तासांत दिसलेली, किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची.

‘आमच्या आज्यांनी हेच केलं, आम्ही जगलोच की’ हा शेवटचा आक्षेप मनातून आलेला असतो, त्याला उडवून लावणं योग्य नाही. पण जे जगले तेच हे सांगायला उरले. १९७१ साली भारतात हजार जिवंत जन्मांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. २०२० साली ते प्रमाण देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ होतं. हा फरक लसी, दवाखान्यातली बाळंतपणं, जंतुनाशकं, स्वच्छ पाणी आणि शिकलेल्या आया यांनी मिळून घडवला. खिडकीचा वाटा त्यात किती, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही. आणि त्या आज्यांनी जे केलं ते वारा खेळत्या घरात केलं, याचा विसर पडू नये. त्यांची रीत त्यांच्या घराला शोभणारी होती.

उद्या सकाळी बाळाला अंघोळीला नेण्याआधी बाथरूमच्या झडपांत कोंबलेला पुठ्ठा आधी काढून टाका.