पेव, कंदील आणि दाण्याचा श्वास

आमच्या घरात पेवाचे नाव निघाले की आजी गप्प होते. तिचे धाकटे दीर ऐन विशीत ज्वारी काढायला पेवात उतरले, ते जिवंत वर आले नाहीत. त्या दिवशी अमावास्या होती आणि ज्वारी काढायला आजीनेच सांगितले होते. गाव म्हणाले, पेवाने बळी घेतला. आजीने तो दोष आजवर पदरी बांधून ठेवला.

मी कला शाखेचा विद्यार्थी. घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. दहावीनंतर विज्ञान सुटले. पण ग्रंथालयात वनस्पतिशास्त्राचे एक पुस्तक चाळताना पेवाचे कोडे उलगडले, तेच येथे मांडतो.

झाडे प्राणवायू सोडतात व आपण तो घेतो, असे आपण शाळेत पाठ करतो. हे अर्धेच खरे. १७७१ साली प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने, मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची फांदी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. पुढे १७७९ साली इंगेनहाउझ याने दाखवले की हे काम झाडाचा हिरवा भागच करतो आणि तेही उजेडात. अंधारात झाडही आपल्यासारखीच हवा बिघडवते.

असे का व्हावे? पान उन्हात कर्बवायू आणि पाणी यांपासून साखर बनवते व प्राणवायू बाहेर टाकते. हे प्रकाशसंश्लेषण. तीच साखर प्राणवायूच्या साहाय्याने मोडून ऊर्जा मिळवायची आणि कर्बवायू व पाणी परत द्यायचे, हे श्वसन. हिशेब चोख आहे. ग्लुकोजचा एक रेणू घडताना कर्बवायूचे ६ रेणू लागतात, प्राणवायूचे ६ सुटतात; मोडताना नेमके उलट. पहिल्या क्रियेला हरितद्रव्य आणि प्रकाश हवा. दुसरीला सुट्टी नाही. मूळ, फूल, बी सारी रात्रंदिवस श्वास घेतात. उन्हात पहिली क्रिया दुसरीला मागे टाकते. त्या शिलकीवर झाड वाढते, कणीस भरते आणि आपण जगतो.

आता पेव पाहा. जमिनीत खणलेले, तोंड अरुंद, पोट मोठे. तोंडावर दगड, वर माती. आत ज्वारी. दाणा मेलेला नसतो. पेरला तर उगवतो, म्हणजे श्वासही घेतो. सुका दाणा अगदी मंद, ओल लागलेला झपाट्याने. बुरशी आणि किडे यांची त्यात भर. तेथे उजेड नाही, हिरवे पान नाही, वारा नाही. प्राणवायू संपत जातो आणि जड कर्बवायू तळाशी साठतो. त्या हवेत किडे मरतात म्हणून ज्वारी टिकते. त्याच हवेत माणूस गुदमरतो.

जुनी माणसे पेव उघडून बराच वेळ तसेच ठेवीत, मग दोरीने कंदील आत सोडीत. तो विझला तर कोणी उतरत नसे. (जळत राहिला म्हणून धोका टळलाच, असे मात्र नव्हे.) प्रीस्टलीची मेणबत्ती आणि आमचा कंदील एकच गोष्ट सांगतात. त्या दिवशी घरी पाहुणे यायचे होते, घाई होती. कंदील सोडायचा राहून गेला.

दिवाळीच्या सुट्टीत हे सारे आजीला सांगितले. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "म्हंजे, आवसंचं काय नव्हतं?"

"नाही गं आज्जे. पुनवेला उतरले असते तरी हेच झालं असतं."

ती म्हणाली, "मग हे लिही कुठंतरी. गावानं वाचू दे."

म्हणून हा लेख.