पोळ्याच्या झडतीतील तयार शब्दांची जुळणी

तयार शब्दांची जुळणी करून रचलेल्या काव्याकडे पुष्कळदा उपेक्षेने पाहिले जाते. आधीच उपलब्ध असलेल्या सामग्रीची मांडणी म्हणजे निर्मिती नव्हे, हा त्या उपेक्षेमागील समज होय. यवतमाळ जिल्ह्यात पोळ्याच्या दिवशी म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांचे स्वरूप तपासले असता हा समज कितपत टिकतो, ते पाहणे उद्‌बोधक ठरेल.

श्रावण अमावास्येस गावातील सजविलेल्या बैलजोड्या आखरावर तोरणाखाली ओळीने उभ्या राहतात. वाजंत्री थांबताच एखादा शेतकरी पुढे येऊन उंच स्वरात झडती म्हणतो आणि ती संपते न संपते तोच दुसरा आपल्या झडतीने तिला उत्तर देतो. अखेरीस तोरण तुटते व पोळा फुटतो. ही प्रथा विदर्भाच्या अन्य भागांतही रूढ आहे.

झडतीचे सामान्यतः तीन भाग पडतात. आरंभी घरातील वा शेतातील एखाद्या परिचित वस्तूचे नाव पुकारले जाते. बहुधा ते दोनदा उच्चारले जाते. मध्यभागी म्हणावयाचा आशय येतो. शेवटी गौरा-पार्वतीस नमन व महादेवाचा जयघोष असतो आणि त्यात सर्व जमाव सामील होतो. यांपैकी पहिला व तिसरा भाग परंपरेने तयार दिलेला असतो. आरंभीच्या वस्तूची निवड अर्थासाठी नव्हे, तर पुढील यमकासाठी होते. कापसाच्या ‘भावा’विषयी बोलावयाचे असेल, तर ‘गाव’, ‘नाव’, ‘डाव’ हे शब्द हाताशी असतात. ‘कर्जा’ला ‘अर्ज’ आपोआप जुळतो. म्हणणाऱ्याचे कौशल्य शब्द घडविण्यात नसून योग्य क्षणी योग्य शब्द उचलण्यात असते.

मिल्मन पॅरी यांनी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातील गायकांची गीते ध्वनिमुद्रित केली. त्यांच्या व त्यांचे शिष्य आल्बर्ट लॉर्ड यांच्या संशोधनातून असे दिसून आले की, मौखिक कवी ठरावीक शब्दसमूहांच्या आधारे गाता गाताच रचना करतो. लॉर्ड यांचा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. जात्यावरील ओवीतही संबोधने व उपमा अशाच पुन्हापुन्हा येतात. याउलट, त्रिस्तान त्झारा याने १९२० साली वृत्तपत्रातील शब्द कापून, पिशवीत घालून, हाती येतील त्या क्रमाने मांडण्याची जी कृती सुचविली, तीत निवड यदृच्छेवर सोपविलेली होती. झडतीत यदृच्छेला फारसा वाव नाही. समोरचा काय म्हणाला, यावर पुढील निवड अवलंबून असते.

या तयार साच्याचे सामाजिक कार्यही महत्त्वाचे आहे. यवतमाळ हा मुख्यतः कोरडवाहू कापसाचा जिल्हा. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे त्याचे नाव देशभर झाले आणि २००६ साली केंद्र शासनाने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केलेल्या ३,७५० कोटी रुपयांच्या योजनेत त्याचा समावेश होता. अशा प्रदेशात भाव, कर्ज, सावकार व पुढारी हे झडतीचे विषय व्हावेत, हे स्वाभाविकच आहे. एरव्ही गावातील वजनदार मंडळींसमोर जे उघड बोलणे कठीण, ते झडतीतून त्यांच्याच देखत बोलता येते. आरंभीची निरुपद्रवी वस्तू ऐकणाऱ्यास बेसावध ठेवते, तर शेवटचा जयघोष गाऱ्हाण्यास देवाच्या नावाचे संरक्षण देतो. शिवाय, तो जयघोष सर्वांच्या मुखातून निघत असल्यामुळे एकाचे गाऱ्हाणे साऱ्या गावाचे होते. साचा तयार नसता, तर जमावाला आपला स्वर केव्हा मिसळावा हेच उमगले नसते.

तेव्हा तयार शब्द म्हणजे निर्मितीचा अभाव, हे विधान झडतीस लागू पडत नाही. शब्द सर्वांचे असतात. कोणता शब्द, कोणासमोर आणि कोणत्या वर्षी उच्चारला, यात रचनाकार प्रकट होतो. ट्रॅक्टरच्या प्रसारामुळे बैलजोड्या कमी होत असताना झडत्यांची नोंद करणाऱ्याने म्हणूनच केवळ ओळी टिपून थांबू नये. त्या वर्षीचा कापसाचा भाव, पावसाची स्थिती व आधीच्या झडतीचा आशय यांचीही नोंद करावी. त्यांवाचून त्या ओळींचा निम्मा अर्थ हरवेल.