एकट्याची मोहीम, चौघांचा धुडगूस
फर्स्ट पर्सन शूटर : खेळाडूच्याच नजरेतून दिसणारा नेमबाजीचा खेळ. पडद्यावर स्वतःचं दिसतं ते बहुधा हात आणि बंदूक, एवढंच.

• सिंगल-प्लेअर : कथा, टप्पे, संगणकाने चालवलेले शत्रू. 'हाफ-लाइफ'मध्ये (१९९८) सुरुवातीला बराच वेळ गोळीच सुटत नाही. नायक ट्राममधून निवांत कामावर निघालेला असतो.

• मल्टिप्लेअर : समोर खरी माणसं, नकाशे तेच ते. 'हाफ-लाइफ'मध्येच फेरफार करून चाहत्यांनी 'काउंटर-स्ट्राइक' घडवला (१९९९). त्यात कथा नाहीच.

• दोन्ही : 'डूम' (१९९३). 'डेथमॅच' हा शब्द त्यानेच रुळवला.

'गोल्डनआय ००७' (१९९७) : एक टीव्ही, चार चौकोन, चार खेळाडू. ही सोय निर्मितीच्या अखेरीस जोडलेली. शेजारच्याच्या चौकोनात डोकावणं अर्थातच चालायचं.

'टायटनफॉल'ला (२०१४) एकट्याची मोहीम नव्हती. दुसऱ्या भागात (२०१६) ती आली.