खडी गंमत ऐकायची तर चार हातांवरून

आजचा भाग खडी गंमतीवर. हे नाव घेतलं की माझे पुण्याकडचे मित्र विचारतात, "खडी म्हणजे रस्त्यावर टाकतात ती का रे?" नाही बाबा. खडी म्हणजे उभी. शाहीर उभा, ढोलकीवाला कमरेला ढोलकी बांधून उभा, मागचे झीलकरी उभे, आणि पुष्कळदा ऐकणारे आपणही उभेच.

दुसरा गोंधळ 'मंडई' या शब्दाचा. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली, हलका धान कापून झाला, की भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया सुरू होतात. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. लेकी-जावई येतात, पाहुणे येतात, शिंगाडे विकायला बसतात, पाळणे लागतात, लग्नाची बोलणी तिथेच निघतात. दिवसा दंडार किंवा खडी गंमत आणि रात्री नाटक. नाटकाचं तुम्हाला ठाऊक असेल. त्या झाडीपट्टी रंगभूमीचं बुकिंग वडसा-देसाईगंजला चालतं, आणि तिथले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. खडी गंमत मात्र नाटकाच्या सावलीत राहून गेली. मला विचाराल तर ऐकायला जास्त मजा तिच्यातच आहे.

ती चालते कशी? आधी गण, मग गवळण, मग लावणी. मधे मधे गमत्या येतो आणि सरपंचापासून जावयापर्यंत सगळ्यांची उडवतो. बाईचं काम करणारा नाच्या असतो, परंपरेनं पुरुषच. वाद्यं मोजकी: ढोलकी, मंजिऱ्या, काखेत धरून वाजवायचा चोनका आणि तुणतुणं. तुणतुण्याला एकच तार. एकच सूर देतं, पण शाहिराचा तानपुरा तोच.

खरी रंगत येते ती 'दुय्यम'ला. पोस्टरवर 'दुय्यम खडी गंमत' असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, दोन पार्ट्या समोरासमोर आहेत. एक कलगीवाली, एक तुऱ्याची. तुरेवाला शिवाला मोठं म्हणणार, कलगीवाला शक्तीला. हा वाद फार जुना आहे आणि एकट्या महाराष्ट्राचा नाही. राजस्थानात चित्तोडकडे 'तुर्रा-कलंगी' नावाचा अख्खा नाट्यप्रकार यावरच उभा आहे. एका शाहिरानं पुराणातला, रामायण-महाभारतातला कूट सवाल गाण्यातून टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच उत्तर द्यायचं. उत्तर येईना, तर झीलकरी ध्रुपद लांबवतात आणि तेवढ्यात शाहीर डोकं चालवतो. ही लांबवणूक कळायला तुम्ही जवळ हवेत. समोरच्याच्या कपाळावरचा घाम दिसला पाहिजे. लांबून ऐकणाऱ्याला वाटतं, कडवं परत म्हटलं.

तुमच्यापैकी बरेच जण यूट्यूबवर टायनी डेस्क बघतात. ते २००८ साली सुरू झालं. अमेरिकेतल्या एनपीआर रेडिओचे बॉब बॉयलन ऑस्टिनच्या एका बारमध्ये लॉरा गिब्सनला ऐकायला गेले होते, आणि गर्दीच्या कलकलाटात गाणं ऐकूच येईना. मग तिला ऑफिसात बोलावून टेबलापाशी गायला लावलं. पुढे जगभरचे गायक त्या टेबलामागे उभे राहिले. जगाला हे नवीन वाटलं. आमच्या चावडीपुढे टेबल नव्हतं एवढंच.

भाषेचंही एक सांगतो. झाडीबोलीत 'ळ' नाही, 'ण' नाही. डोळ्याला 'डोरा' म्हणतात. हसू नका; शाहीर त्या 'र'वरच यमक जुळवतो. प्रमाण मराठीत तेच गाणं म्हणून बघा, यमक गळून पडतं. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीसाठी आणि इथल्या लोककलांसाठी जन्मभर काम केलंय, त्यांचं लिखाण मिळालं तर जरूर वाचा.

आता दुखणं. पाळणेवाल्याचा कर्णा एका बाजूला, डीजे दुसऱ्या बाजूला, मधे शाहीर. त्यालाही माइक घ्यावा लागतो, माइक आला की तो एका जागी खिळतो, आणि तुणतुणं तर गेलंच. मोबाइलवर काढलेल्या क्लिपमध्येही तेच होतं. ढोलकीची थाप पडली की फोन आपोआप सगळा आवाज खाली ओढतो, आणि तो एकतारी सूर पार बुडतो. म्हणून म्हणतो, क्लिप बघून खडी गंमत ऐकली असं समजू नका.

तरी क्लिप काढा. कारण ऐका. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांसाठी सरकारची मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची. २०२४ पासून महिन्याला ५,००० रुपये. अर्जासोबत कलेच्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. आता चाळीस वर्षं मंडया गाजवलेल्या म्हाताऱ्या शाहिराकडे पुरावा काय असणार? एखादं फाटकं हँडबिल, तेही उंदरांनी ठेवलं असेल तर. त्याची गाणी त्याच्या डोक्यात, आणि सही म्हणून शेवटच्या कडव्यात गुंफलेलं नाव.

तेव्हा यंदा मंडईला गेलात तर एवढं करा. आधी शाहिराला विचारा, "काकाजी, काढू का?" रिंगणात पुढे बसा, लहान पोरांच्या मागे, कर्ण्याकडे पाठ करून. रील नको, एक अख्खा सवाल-जवाब घ्या, पंधरा-वीस मिनिटं लागली तरी. सुरुवातीला तुमच्या आवाजात गावाचं नाव, तारीख, पार्टीचं नाव, दोन्ही शाहिरांची नावं बोला. दहा-वीस रुपये बक्षीस द्या, तो तुमचं नाव घेऊन गाईल, तेही रेकॉर्ड होईल. आणि ती फाइल त्याच रात्री शाहिराच्या पोराच्या नाहीतर नातवाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, डॉक्युमेंट म्हणून. साधी पाठवलीत तर व्हॉट्सअ‍ॅप तिला दाबून दाबून पार बारीक करतं.