वार पडल्यानंतरची दहा मिनिटं

बाळ रडलं, नाळ कापली, वार पडली. प्रसूतिगृहात सगळ्यांचे डोळे आता बाळाकडे लागलेले असतात. पण बाळंतिणीच्या गर्भपिशवीचं तोंड अजून सैल असतं, आणि याच वेळी, दहा मिनिटांच्या आत तांबी बसवली, तर पुढे दहा वर्षं नको असताना दिवस जाण्याची धास्ती जवळपास मिटते.

तांबी म्हणजे कॉपर टी ३८०ए. साडेतीन सेंटिमीटर उंचीची पांढरी प्लास्टिकची काडी, दांड्यावर तांब्याची बारीक तार, दोन्ही हातांवर तांब्याच्या नळ्या. नावातला ३८० हा तांब्याच्या पृष्ठभागाचा आकडा: ३१४ चौरस मिलिमीटर तारेचा, ३३-३३ नळ्यांचा. छोट्या टपाल तिकिटाएवढं तांबं, बस्स! चिलीचे डॉक्टर हायमे झिपर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस सशांवर त्याचा गुण तपासला. सशाच्या मादीची गर्भपिशवी दुहेरी असते. एका बाजूत त्यांनी तांब्याची तार ठेवली, दुसरी मोकळी सोडली. तारेच्या बाजूला गर्भ फारच कमी रुजले. तांब्याचे आयन गर्भपिशवीतल्या द्रवात झिरपतात, त्यात शुक्रजंतू लुळे पडतात आणि स्त्रीबीज फळतच नाही. यात हार्मोन नाही, त्यामुळे अंगावरच्या दुधाला धक्का लागत नाही.

इतकी गुणाची वस्तू, तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३७.९ टक्के विवाहित बायकांनी नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलेलं दिसतं आणि तांबीसारखं साधन वापरणाऱ्या फक्त २.१ टक्के. याची मुळं जुनी आहेत. १९६५ मध्ये सरकारने लिप्पीज लूप हे गर्भपिशवीत बसवायचं साधन मोठ्या प्रमाणावर आणलं. उद्दिष्टाचे आकडे गाठायची घाई होती. लूप बसवल्यावर अंगावरून जास्त जाऊ लागलं, पोटात दुखू लागलं, तर बघायला कुणी नव्हतं. बायकांनी पाठ फिरवली, आणि मला वाटतं, त्यांचं अगदी बरोबर होतं.

मग चित्र बदलायला सुरुवात झाली ती दवाखान्यामुळे. २००५-०६ मध्ये देशातली जेमतेम ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत. २०१९-२१ पर्यंत ती ८९ टक्क्यांवर गेली. एरवी तांबीसाठी मुद्दाम वेळ काढून न येणारी बाई आता तिथेच, शिकलेल्या हातांसमोर असते. आणि हात शिकलेलेच लागतात. बाळंतपणानंतर गर्भपिशवी बेंबीपर्यंत आलेली असते, नेहमीची नळी तिच्या माथ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून ‘केली’ नावाचा लांब, बाकदार चिमटा लागतो. सिस्टर एका हाताने तांबी वर नेते, दुसरा हात पोटावरून गर्भपिशवीचा माथा चाचपत असतो. टोक तिथे टेकल्याचं त्या तळव्याला कळतं. मग चिमटा उघडायचा आणि भिंतीला धरून अलगद मागे घ्यायचा, नाहीतर तांबी सोबत निघून येते. हा सराव आधी प्लास्टिकच्या गर्भपिशवीवर करतात. पुढे सहा आठवड्यांत किलोभराची गर्भपिशवी शंभर ग्रॅमच्या आत येते, आणि तांबीचे वर राहिलेले दोरे आपोआप खाली उतरतात.

अर्थात तांबीबद्दल बाईला विचारायचं कधी, यावर सगळं अवलंबून आहे. कळा सुरू असताना घेतलेला होकार हा होकार नव्हे. सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीत, नवऱ्याला आणि सासूबाईंना हवं तर सोबत बसवून, बोलायला हवं. तांबी वर चढून काळजाला लागते ही भीती तिथे मोकळेपणी निघते, आणि बाळंतपणानंतर पाळी सुरू होईपर्यंत दिवस राहत नाहीत हा समजही. बीज पाळीच्या आधी सुटतं, त्यामुळे पाळी न येताही दिवस जाऊ शकतात. पाणमोट फुटून १८ तास उलटले असतील किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तर तांबी त्या वेळी बसवायची नाही, हेही आधीच सांगावं लागतं.

बाळंतपणात बसवलेली तांबी पडून जाण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त, म्हणून सहा आठवड्यांनी तपासणी हवीच. आणि दोन वर्षांनी दुसरं मूल हवंसं वाटलं, तर दोरा चिमट्यात धरून ओढला की ती निघते. दिवस लगेच राहू शकतात. हे काम तिच्या जवळच्या आरोग्य केंद्रात, ‘का काढतेस’ असं न दरडावता व्हायला हवं. काढून देत नाहीत अशी एकीची तक्रार गावात पसरली, की तिच्या जावा-नणंदा तांबीचं नाव काढत नाहीत.