रिकाम्या टाकीतलं घर

रॉकेटची रिकामी टाकी फेकून न देता तिच्यातच बिऱ्हाड थाटलं तर? १९६०च्या दशकात नासाचे रॉकेट-अभियंते वेर्नर फॉन ब्राउन यांच्या टीमने तसा आराखडाच केला होता. सॅटर्न रॉकेटचा एस-फोर-बी टप्पा कक्षेत पोचला की उरलेला हायड्रोजन बाहेर सोडायचा आणि अंतराळवीरांनी आत शिरून सामान लावायचं.

१९६९ मध्ये बेत बदलला. तसाच टप्पा जमिनीवरच सजवून १९७३ मध्ये ‘स्कायलॅब’ अंतराळस्थानक म्हणून वर पाठवला. (सोयीचं झालं, पण मला मूळ कल्पनाच जास्त भन्नाट वाटते!) जुन्या बेताची खूण मात्र राहिली. आतली जमीन जाळीची होती, कारण आधी तिच्यातून इंधन वाहणार होतं. अंतराळवीरांच्या बुटांच्या तळाला त्रिकोणी खुंट्या असत. त्या जाळीत घालून पाय वळवला की माणूस जागेवर पक्का. आणि त्याच टप्प्यातली ऑक्सिजनची टाकी? ती झाली कचराकुंडी! पिशव्या छोट्या एअरलॉकमधून तिकडे ढकलायच्या.

पुढे स्पेस शटलच्या ४७ मीटर लांब टाकीसाठीही असे प्रस्ताव आले, पण सगळे कागदावरच राहिले. आपल्या इस्रोने मात्र पीएसएलव्ही रॉकेटच्या वापरून झालेल्या चौथ्या टप्प्याचं ‘पोएम’ केलंय. त्यात माणसं राहत नाहीत, प्रयोग मात्र चालतात.