कंबर धरली म्हणून घेतलेली गोळी : चार दिवसांची की कायमची?

इचलकरंजीत मागावर उभं राहणारे कामगार, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत वजन उचलणारी मुलं, हायवेवर रात्रभर ट्रक चालवणारे ड्रायव्हर, घरात वाकून झाडूपोछा करणाऱ्या बायका. कंबर धरणं, मान आखडणं, पाठीत उसण भरणं यांच्यासाठी रोजचंच. मग मेडिकलमध्ये जाऊन "कंबरेची गोळी द्या" म्हटलं की पट्टी हातात येते. दोन दिवसांत आराम पडतो आणि पुढच्या वेळी डॉक्टरकडे जायची गरजच वाटत नाही. घोळ इथंच सुरू होतो.

ही गोळी करते काय?

स्नायू सैल करणारी गोळी थेट कंबरेवर काम करते असं आपल्याला वाटतं. पण यातल्या बहुतेक गोळ्या मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करतात. तिथून स्नायूंना मिळणारा ताणाचा निरोप कमी होतो. म्हणूनच आखडलेपण कमी होतं, आणि म्हणूनच झोप, सुस्ती, चक्कर येते. गोळी घेतल्यावर तिचा अंगावर काय परिणाम होतो हे कळेपर्यंत गाडी चालवू नका, मशीनवर उभे राहू नका, शिडीवर चढू नका. पहिली गोळी शक्यतो रात्री घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

पट्टीच्या मागची बाजू वाचा

नावापुढे 'एमआर' लिहिलेल्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. एकीत टिझानिडिन असतं, दुसरीत क्लोरझॉक्झाझोन. सोबत बहुतेक वेळा असिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलही असतं. म्हणजे एका गोळीत तीन औषधं. वरून तापाची वेगळी गोळी घेतली तर पॅरासिटामॉल दुप्पट होतं आणि भार यकृतावर पडतो.

प्रत्येकाची खोड वेगळी आहे :

• टिझानिडिन : रक्तदाब खाली आणतं, उठताना डोळ्यापुढे अंधारी येते. जुलाब किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर ही गोळी अजिबात नको. दोन्ही एकत्र घेतल्यास टिझानिडिनचं रक्तातलं प्रमाण कितीतरी पटीनं वाढतं.

• थायोकोल्चिकोसाइड : गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना, तसंच १६ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०१३ मध्ये तोंडानं घ्यायच्या या गोळीला सात दिवसांची मर्यादा घातली.

• क्लोरझॉक्झाझोन : क्वचित यकृताला इजा करतं. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, भूक मेली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठा.

• बॅक्लोफेन : लकवा किंवा मणक्याच्या इजेनंतर येणाऱ्या ताठरपणासाठी देतात. हे मनानं एकदम बंद केलं तर झटके, भ्रम होऊ शकतो. किडनीच्या रुग्णांत ते शरीरात साचतं.

कशासोबत नको?

दारू, झोपेची गोळी, ट्रॅमाडॉलसारखं जबरी वेदनाशामक, सर्दीची गुंगी आणणारी गोळी. यातलं काहीही सोबत घेतलं तर गुंगी वाढते, श्वासही मंदावू शकतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तर जास्त जपायला हवं. रात्री लघवीला उठताना तोल गेला की खुब्याचं हाड मोडतं.

याच औषधांपैकी कॅरिसोप्रोडॉलची नशा लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीनं दाखवलं की टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांचं मिश्रण मुंबईची एक कंपनी पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती आणि तिथली तरुण मुलं त्याच्या आहारी जात होती. त्यानंतर केंद्र सरकारनं या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात थांबवण्याचे आदेश दिले. "कंबरेचीच तर गोळी आहे" म्हणून हलक्यात घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

रमजानमध्ये काय करावं?

दिवसातून दोनदा घ्यायची गोळी इफ्तार आणि सहरीला विभागता येते का, हे रमजानच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या. सहरीला गुंगीची गोळी घेऊन सकाळी गाडीवर कामाला निघणं धोक्याचं. असिक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक रिकाम्या पोटी घेतलं तर पोटाला त्रास होतो, आणि दिवसभर पाणी नसेल तर किडनीवर ताण पडतो. रोजासाठी बॅक्लोफेन परस्पर बंद करू नका. आजारी माणसाला रोजा सोडून नंतर कजा करायची सवलत आहेच.

गोळीवर थांबू नका

पायात कमजोरी आली, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, तर तो नुसता स्नायूंचा प्रश्न नाही. त्याच दिवशी सीपीआर किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. पडल्यावर सुरू झालेली पाठदुखी, तापासोबतची पाठदुखी, विनाकारण वजन घटणं, हेही दाखवायलाच हवं. गोळीनंतर माणूस हलवूनही जागा होत नसेल तर १०८ ला फोन करा.

साधी उसण असेल तर बहुतेकांना काही दिवसांतच फरक पडतो. शेक द्या, झेपेल तेवढं चालत राहा, अंथरुणाला खिळून राहू नका. डॉक्टरांनी पाच दिवस लिहिले असतील तर सहाव्या दिवशी जुनी चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जाऊ नका, दुखणं राहिलं असेल तर परत डॉक्टरांकडे जा. आणि उरलेली पट्टी शेजारच्या चाचींना देऊ नका. त्यांना बीपीची कोणती गोळी चालू आहे, हे तुम्हाला ठाऊक नसतं.